फोन लागतो पण आवाज एकाच बाजूने, नाहीतर ३२ सेकंदांत कट: ऑफिसच्या सिप फोनचं नेहमीचं दुखणं

सिप फोन म्हणजे टेलिफोनच्या तारेऐवजी इंटरनेट किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरून चालणारा फोन. आधी लक्षणं बघू. तुमचं यातलं नक्की कुठलं ते ठरवा, कारण पुढे कुठून सुरू करायचं ते त्यावरच आहे.

- समोरच्याचा आवाज येतो, आपला त्याला जात नाही. किंवा बरोबर उलटं.
- रिंग जाते, फोन उचलला जातो, कॉलचं घड्याळही चालू होतं, पण दोन्हीकडे शुकशुकाट.
- बोलणं छान चालू असतं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास कॉल तुटतो, दर वेळी तेवढ्याच वेळाने. बऱ्याचदा फक्त बाहेरून आलेले कॉल.
- आउटगोइंग कधीही लागतं, पण फोन थोडा वेळ नुसता पडून राहिला की इनकमिंग वाजतच नाही. आपण एक कॉल केला की परत थोडा वेळ वाजायला लागतं.
- लांबलेला कॉल १५ मिनिटांना किंवा अर्ध्या तासाच्या जरा आधी कापला जातो.
- ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये सगळं ठीक, घरून किंवा व्हीपीएनवरून बोलणाऱ्याची मात्र बोंब.

मी छोट्या-मध्यम ऑफिसांच्या फोन सिस्टिम बघतो, ट्रान्सपोर्टवाले, पॅथॉलॉजी लॅब, पतसंस्था, गाड्यांची शोरूम वगैरे, बहुतेक ठिकाणी पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं फोन एक्सचेंज, चालवायला ॲस्टेरिस्क किंवा त्याच्यावरचं फ्रीपीबीएक्स हे सॉफ्टवेअर असतं, काही ठिकाणी फ्रीस्विच, आणि वरची सहाही लक्षणं वेगवेगळी दिसली तरी घराणं एकच. फोन करणारे मात्र सगळे एकच वाक्य बोलतात, "नेटचा स्पीड कमी पडतोय वाटतं, प्लॅन वाढवू का?" नका वाढवू. जी.७११ कोडेकचा (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करायची पद्धत) एक कॉल एका दिशेला जेमतेम ८० ते ९० केबीपीएस खातो. स्पीड कमी पडला तर आवाज तुटक येतो, फाटतो. तो सरळ एका बाजूने गायब होत नाही आणि घड्याळ लावल्यासारखा ३२ व्या सेकंदाला कॉलही कापला जात नाही.

हे का होतं, ते दोन मिनिटांत सांगतो, नाहीतर पुढच्या तपासण्या म्हणजे नुसती अंधारात बटणं दाबणं होईल. सिप फक्त बोलणी जुळवतं. कोण कुणाला फोन करतंय, कुठला कोडेक, आवाज कुठल्या आयपीच्या कुठल्या पोर्टवर पाठवायचा, एवढं ते ठरवतं. प्रत्यक्ष आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने जातो, त्याचे पोर्ट वेगळे आणि कधीकधी रस्तासुद्धा वेगळा. आता गोची अशी की सिपमध्ये मशीन स्वतःचा पत्ता मेसेजच्या आत लिहितं, कॉन्टॅक्ट हेडरमध्ये एकदा आणि आवाजासाठी एसडीपीमध्ये, म्हणजे मेसेजच्या आवाजाबद्दलच्या भागात, परत एकदा. राउटर नॅट करताना, म्हणजे आतल्या आयपीच्या जागी पब्लिक आयपी लावताना, पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतल्या चिठ्ठीवरचा तसाच राहतो. चिठ्ठीवर १९२.१६८.१.५० लिहिलेलं असेल तर समोरचा बिचारा त्या पत्त्यावर आवाज पाठवत बसतो, आणि तो पत्ता तर तुमच्या ऑफिसबाहेर कुठेच नाही.

३२ सेकंदांचं गणितही ऐकून घ्या, फार कामाचं आहे. आपल्या पीबीएक्सने इनकमिंग कॉल उचलला की तो २०० ओके, म्हणजे "उचलला" असा मेसेज, पाठवतो, त्यावर पलीकडून ॲक, म्हणजे पोच, यावा लागतो. पलीकडचा तो ॲक आपल्या कॉन्टॅक्टमधल्या पत्त्यावर पाठवतो. पत्ता चुकीचा असेल तर ॲक पोचत नाही, मग पीबीएक्स २०० ओके परत पाठवतो, अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग दर चार सेकंदांनी, आणि ३२ सेकंद झाले की नाद सोडून बाय, म्हणजे कॉल संपवायचा मेसेज, पाठवतो. सिपच्या आरएफसी ३२६१ मध्ये, म्हणजे २००२ च्या स्टँडर्डमध्ये, टी१ नावाचा टायमर ५०० मिलिसेकंदांचा आहे आणि थांबायची मर्यादा त्याच्या ६४ पट, म्हणून ३२. तोपर्यंत आरटीपी आपल्या रस्त्याने मजेत चाललेला असतो, त्यामुळे बोलणारे दोघं चक्रावतात की एवढं स्पष्ट ऐकू येत होतं मग कट का झालं.

आता तपासण्या. क्रम फुकटच्या आणि सोप्या गोष्टींपासून अवघडापर्यंत आहे, मध्येच उडी मारू नका.

१. कशालाही हात लावायच्या आधी लिहून काढा

इनकमिंग की आउटगोइंग, कुठल्या एक्सटेन्शनवर, डेस्कफोन की मोबाइलवरचा सॉफ्टफोन, ऑफिसच्या वायफायवर की मोबाइल डेटावर, आणि किती सेकंदांनी. मग दोन कॉल करा. एक, ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये एका एक्सटेन्शनवरून दुसऱ्यावर. दुसरा, इको टेस्टला, फ्रीपीबीएक्समध्ये तो स्टार ४३ वर असतो, साध्या ॲस्टेरिस्कमध्ये डायलप्लॅनला (कुठला नंबर लावला की काय करायचं ती फाइल) इकोची एक ओळ टाकली की झालं. तिथे तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू आला तर फोन ते पीबीएक्स हा तुकडा दोन्ही बाजूंनी धड आहे आणि भानगड पीबीएक्सच्या पुढे, ट्रंककडे, म्हणजे बाहेरच्या ऑपरेटरला जोडणाऱ्या लाइनकडे आहे. नाही आला तर ट्रंकवाल्या कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, ती यात कुठेच नाही.

हे याच्यासाठी की अर्धी सिस्टिम एका मिनिटात संशयाच्या बाहेर जाते.

२. सीडीआर बघा

यावर मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी, त्यांच्या टेबलात बिलसेक नावाचा कॉलम असतो, उचलल्यापासून ठेवेपर्यंतचे सेकंद. ड्युरेशनचा कॉलम नको, त्यात रिंगचा वेळही धरलेला असतो. गेल्या आठवड्याचे इनकमिंग कॉल बिलसेकप्रमाणे लावा. माणसं कॉल कधीही संपवतात, त्यामुळे आकडे विखुरलेले दिसायला पाहिजेत. ३१-३२ वर गर्दी दिसली तर ॲकचा प्रश्न, पायरी ६ वर विशेष लक्ष द्या. ९०० च्या आसपास किंवा १,७६८ च्या आसपास गर्दी असेल तर सेशन टायमर, त्याचं खाली सांगतो. गर्दी कुठेच नाही आणि कॉल कसेही तुटतायत तर बहुतेक लाइन, वायफाय किंवा स्विच, तो या पोस्टचा विषय नाही.

३. हेडसेट, म्यूट, ब्राउझरची परवानगी

हसू नका. एकाच माणसाचा आवाज जात नसेल तर आधी त्याचा हेडसेट दुसऱ्याच्या फोनला लावून बघा. ब्राउझरवरून बोलणारे असतील तर माइकची परवानगी बघा, पान एचटीटीपीएसवर नसेल तर ब्राउझर माइक देतच नाही, फक्त लोकलहोस्टला तेवढी सवलत.

आणि राउटर बंद-चालू करून सुटलं असं वाटलं तर खूश होऊ नका. राउटरने जुनी नॅटची नोंद विसरली आणि नवी केली म्हणून थोडा वेळ चाललं, मूळ दुखणं जागच्या जागी आहे.

४. राउटरमधलं सिप एएलजी बंद करा

हे राउटरमधलं एक अतिशहाणं फीचर. उद्देश चांगला, चिठ्ठीवरचा आतला पत्ता राउटरनेच बदलून द्यायचा. प्रत्यक्षात ते कधी कॉन्टॅक्ट बदलतं आणि एसडीपी सोडतं, कधी इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा मेसेज, नीट बदलतं पण पुढच्या री-इन्व्हाइटला, म्हणजे चालू कॉलमध्ये परत जाणाऱ्या तशाच मेसेजला, विसरतं, आणि पीबीएक्सने स्वतः पत्ता बरोबर लिहिलेला असेल तर त्याच्यावर परत हात फिरवून बिघडवतं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच केसेस इथेच मिटतात, म्हणून हे इतकं वर ठेवलंय.

सापडतं नॅट, फायरवॉल किंवा ॲडव्हान्स्ड अशा कुठल्यातरी मेनूत. मायक्रोटिकमध्ये आयपी, मग फायरवॉल, मग सर्व्हिस पोर्ट्स, तिथे सिपची ओळ डिसेबल करायची. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये एनएफ कॉनट्रॅक सिप आणि एनएफ नॅट सिप ही दोन मॉड्यूल काढायची. फायबरवाल्याने लावलेल्या डब्यात कधीकधी हा ऑप्शनच झाकलेला असतो, मग त्यांना फोन करून बंद करून घ्या किंवा डबा ब्रिज मोडला (नॅट न करता नुसतं पुढे सोडायचं) टाकून मागे आपला राउटर लावा.

बंद केल्यावर राउटर आणि फोन दोन्ही रिस्टार्ट करा, कारण जुन्या नोंदी तशाच चिकटून राहतात आणि लोक म्हणतात "बंद केलं तरी फरक नाही".

सेटिंग सापडतच नसेल तर एक युक्ती: एखादं रिमोट एक्सटेन्शन टीएलएसवर, म्हणजे एनक्रिप्ट करून ५०६१ पोर्टवर, चालवून बघा. मेसेज एनक्रिप्ट झाला की एएलजीला आतलं वाचताच येत नाही. टीएलएसवर नीट आणि यूडीपीच्या ५०६० वर बिघाड, म्हणजे चोर राउटरच.

५. तुमचा पब्लिक आयपी खरंच तुमचा आहे का

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) आयपी आणि कुठल्याही "माझा आयपी काय" छाप साइटवर दिसणारा आयपी ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर पुढे चला. वॅनवर १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसला तर तुम्ही प्रोव्हायडरच्या सीजीनॅटमागे आहात, एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे, आणि तुम्ही आपल्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून काही आत येणार नाही. स्टॅटिक आयपी मागून घ्या किंवा पीबीएक्स क्लाउडवर हलवा. वॅनवर १९२.१६८ दिसला तर डब्यामागे डबा आहे, डबल नॅट, एकाला ब्रिज करा.

दोन्ही आयपी सारखे आहेत पण डायनॅमिक आहेत, तर पीबीएक्समध्ये लिहिलेला पब्लिक आयपी आजचा आहे ना तेही बघा. "काल चालू होतं, आज सकाळपासून एकतर्फी" याचं कारण बऱ्याचदा एवढंच, रात्री लाइट गेली, राउटर नवा आयपी घेऊन उठला.

६. पीबीएक्समधली नॅटची सेटिंग्ज

इथे जरा थांबू, कारण इथेच सगळे कुठलंतरी जुनं उत्तर कॉपी करून "नॅट यस" टाकतात. ते ॲस्टेरिस्कच्या जुन्या सिप मॉड्यूलचं, चॅन सिपचं होतं, आणि चॅन सिप ॲस्टेरिस्क २१ मधून काढूनच टाकलंय. आता पीजेसिप आहे आणि त्यात हे काम दोन ठिकाणी वाटलेलं आहे.

पहिलं ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे पीबीएक्स कुठल्या पत्त्यावर-पोर्टवर बोलतो त्या भागात: एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस, एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस आणि लोकल नेट. पहिल्याने कॉन्टॅक्टमधला पत्ता सुधारतो, म्हणजे ३२ सेकंदांचं दुखणं जातं. दुसऱ्याने एसडीपीमधला, म्हणजे एकतर्फी आवाज जातो. तिसरं सांगतं की कुठल्या नेटवर्कशी बोलताना पब्लिक पत्ता लावायचा *नाही*. फ्रीपीबीएक्समध्ये हे सिप सेटिंग्जच्या पानावर आहे, नेटवर्क ओळखायचं बटणही आहे, पण बटणाने काय भरलं ते डोळ्यांनी वाचा. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: ट्रान्सपोर्टमधला बदल साध्या रीलोडने लागू होत नाही, अलाउ रीलोड मुद्दाम चालू केलेलं नसेल तर ॲस्टेरिस्क पूर्ण रिस्टार्ट करावं लागतं. बदल बरोबर केला, रीलोड मारला, फरक नाही, म्हणून बदल परत काढून टाकला, असं करणारे भेटतात.

दुसरं एंडपॉइंटमध्ये, म्हणजे एकेका फोनच्या सेटिंगमध्ये, ऑफिसबाहेरून जोडलेल्या फोनसाठी: फोर्स आरपोर्ट, रीराइट कॉन्टॅक्ट, आरटीपी सिमेट्रिक हे तिन्ही यस आणि डायरेक्ट मीडिया नो. आरटीपी सिमेट्रिक म्हणजे चिठ्ठीवरचा पत्ता सोड, पाकीट जिथून आलं तिथेच आवाज परत पाठव. डायरेक्ट मीडिया यस राहिलं तर कॉल लागल्यावर पीबीएक्स दोन फोनना परस्पर आवाज पाठवायला सांगून मधून निघून जातो, एका नेटवर्कात ते चालतं, दोन वेगवेगळ्या नॅटमागे असले की पहिला एखादा सेकंद ऐकू येतं आणि मग बंद. हे लक्षण दिसलं की दुसरं काही बघूच नका.

व्हीपीएनवाल्यांचं: ओपनव्हीपीएनच्या नमुना कॉन्फिगमध्ये १०.८.०.० चं नेटवर्क असतं आणि बहुतेकांनी तेच ठेवलेलं असतं. ते लोकल नेटमध्ये टाकलेलं नसेल तर पीबीएक्स व्हीपीएनवाल्याला पब्लिक पत्ता देतो, त्याचा आवाज इंटरनेटकडे निघतो आणि फायरवॉलवर मरतो.

७. ट्रंक लीज लाइनवर असेल तर रूट बघा

आपल्याकडच्या ऑफिसांत हे फार दिसतं आणि इंटरनेटवरच्या परदेशी उत्तरांत जवळजवळ सापडत नाही. सिप ट्रंक घेतली की ऑपरेटर वेगळी लाइन टाकतो, त्यावर एक प्रायव्हेट आयपी देतो, पीबीएक्सला दोन नेटवर्क कार्ड लागतात, एक ऑफिसच्या लॅनला आणि एक ऑपरेटरच्या लाइनला. डिफॉल्ट गेटवे इंटरनेटकडे असतो. लाइन लावायला आलेला माणूस ऑपरेटरच्या सिग्नलिंग सर्व्हरचा एक स्टॅटिक रूट टाकतो, टेस्ट कॉल करतो, रिंग वाजली की सही घेऊन जातो.

पण ऑपरेटरचा मीडिया गेटवे, म्हणजे आवाज सांभाळणारा सर्व्हर, पुष्कळदा वेगळ्याच सबनेटमध्ये (आयपींच्या गटात) असतो. त्याच्यासाठी रूट नाही, म्हणून आपला आवाज डिफॉल्ट रस्त्याने इंटरनेटकडे जातो आणि हरवतो. पलीकडचा म्हणतो "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही", आपल्याला तो स्पष्ट ऐकू येतो. आणि लिनक्सवर आरपी फिल्टर १ वर, म्हणजे कडक, असेल तर आणखी मजा. ज्या कार्डवरून पॅकेट आलं त्याच कार्डवरून परतीचा रस्ता नाही असं बघून कर्नल ते पॅकेट टाकून देतो, मग दोन्हीकडे शांतता. टीसीपीडंपमध्ये (मशीनवर येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) आरटीपी येताना दिसतो आणि ॲस्टेरिस्कला पत्ताच नसतो, माणूस वेडा व्हायची पाळी.

उपाय: एका चालू कॉलचा एसडीपी बघा, ऑपरेटरने सी च्या ओळीत कुठला आयपी दिलाय तो घ्या, आयपी रूट गेट ही कमांड त्या आयपीवर चालवा. ऑपरेटरच्या कार्डाऐवजी लॅनचं कार्ड दिसलं तर रोग सापडला. ऑपरेटरकडून मीडियाच्या सगळ्या सबनेटची यादी लेखी मागा, एकच रूट टाकून थांबू नका, नाहीतर काही कॉल चालतात काही नाही अशी नवी तक्रार सुरू होते.

आणि याचाच जुळा भाऊ: घरून बोलणाऱ्यांसाठी कुणीतरी पायरी ६ मधला एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस टाकतं, घरचे फोन सुरू होतात, आणि त्याच संध्याकाळी ट्रंकचा आवाज जातो. कारण ऑपरेटरचे सबनेट लोकल नेटमध्ये नाहीत, म्हणून त्यालाही पब्लिक पत्ता जायला लागला, आणि त्याच्या बंद लाइनवरून तो पत्ता गाठता येत नाही. ते सबनेट लोकल नेटमध्ये टाका, नाहीतर ट्रंकसाठी वेगळं ट्रान्सपोर्ट करा. मी दुसरंच करतो, सहा महिन्यांनी दुसरं कुणी कॉन्फिग उघडलं तर त्याला कळतं तरी.

८. आरटीपीचे पोर्ट

ॲस्टेरिस्कच्या नेहमीच्या कॉन्फिगमध्ये यूडीपी १०००० ते २००००, फ्रीस्विचमध्ये १६३८४ ते ३२७६८. फायरवॉलमध्ये उघडलेली रेंज आणि पीबीएक्समधली रेंज एकच आहे का बघा. क्लाउडवर असाल तर दोन फायरवॉल असतात, मशीनच्या आतला आणि क्लाउडच्या पॅनेलमधला, दुसरा विसरला जातो. रेंज अर्धीच उघडली असेल तर काही कॉल चालतात काही नाही, दर कॉलला पोर्ट बदलतो ना.

५०६० मात्र सगळ्या जगाला उघडू नका. उघडलात की स्कॅनर पासवर्ड ठोकायला लागतात, फार वेळ लागत नाही. ट्रंकच्या आयपीपुरता ठेवा, घरच्यांना व्हीपीएन द्या.

९. इनकमिंग वाजत नाही, त्याचं

लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये उत्तर न आलेल्या यूडीपीची नोंद ३० सेकंदांत पुसली जाते, दोन्हीकडून रहदारी असेल तर जरा जास्त टिकते. नोंद गेली की पीबीएक्सचा इन्व्हाइट फोनपर्यंत पोचायला वाटच राहत नाही. म्हणून क्वालिफाय फ्रिक्वेन्सी २५ सेकंद ठेवा, पीबीएक्स दर २५ सेकंदांनी ऑप्शन्स नावाचा छोटा मेसेज पाठवत राहील आणि वाट उघडी राहील. फोनमध्ये कीप अलाइव्ह असेल तर तोही लावा. मोबाइल सॉफ्टफोनला हे पुरत नाही, अँड्रॉइड आणि आयओएस दोघंही मागे पडलेलं ॲप झोपवतात, तिथे पुश नोटिफिकेशनवाला सॉफ्टफोनच लागतो.

१०. ट्रेस

इथून पुढे टर्मिनल. एसएनग्रेप (सिपचे मेसेज दाखवणारी कमांड) चालवा, कॉल करा, एंटर दाबा, शिडीसारखं चित्र दिसतं: इन्व्हाइट, १०० (मिळाला), १८० (वाजतोय), २०० ओके, ॲक, शेवटी बाय. एवढंच शोधा:

२०० ओके परत परत दिसतोय आणि ॲक नाही, तर त्या २०० ओकेमधला कॉन्टॅक्ट वाचा. प्रायव्हेट आयपी असेल तर पायरी ६. पब्लिक आणि बरोबर असेल तर ॲक वाटेत कुणीतरी खातंय, पायरी ४ किंवा फायरवॉल.

बाय कुणी पाठवला? बाण कुठून निघाला ते बघा. आपण कापला की त्यांनी, हा वाद तिथल्या तिथे मिटतो.

एसडीपीमधल्या सी आणि एम च्या ओळी, दोन्ही बाजूंच्या. तिथला आयपी-पोर्ट आणि प्रत्यक्ष आरटीपी कुठून कुठे चाललाय हे जुळतंय का. ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर आरटीपी सेट डीबग ऑन केलं की येणारी आणि जाणारी पॅकेटं वेगवेगळी दिसतात, नुसती जाणारी दिसली तर समोरून आपल्यापर्यंत काही येत नाही.

इन्व्हाइट गेला आणि शांतता, १०० सुद्धा नाही, तर मेसेजचा आकार बघा. दहा कोडेक चालू ठेवले की इन्व्हाइट १,५०० बाइटच्या वर जाऊ शकतो, मग पॅकेटचे तुकडे होतात आणि काही फायरवॉल तुकडे टाकून देतात. लागणारे कोडेक ठेवा, आपल्याकडे ए-लॉ (जी.७११ चाच प्रकार) आणि फार तर जी.७२९, बाकी काढा, किंवा टीसीपीवर जा.

४८८ आलं तर नॅट नाही, कोडेक किंवा एसआरटीपी (एनक्रिप्ट केलेला आरटीपी) जुळत नाही.

१५ मिनिटांवाल्यांसाठी: सेशन टायमर साधारण १,८०० सेकंदांचा असतो आणि अर्ध्यावर, ९०० ला, एक बाजू री-इन्व्हाइट किंवा अपडेट पाठवून "अजून आहेस ना" विचारते. उत्तर नाही आलं तर तीच बाजू कापते, म्हणून १५ मिनिटं. विचारणाच झाली नाही किंवा पोचली नाही तर दुसरी बाजू मुदत संपायच्या ३२ सेकंद आधी बाय पाठवते, म्हणून २९ मिनिटं २८ सेकंद, तेच १,७६८. टायमर बंद करून टाकायचा मोह होतो, पण मग अडकलेले मेलेले कॉल चॅनेल धरून बसतात. आधी री-इन्व्हाइट कुठे हरवतो ते बघा, परत कॉन्टॅक्ट आणि एएलजीच निघतो बहुधा.

कॉल तुमच्याच ॲपमधून जात असेल तर

सीआरएममधलं क्लिक टू कॉल, आयव्हीआर, व्हॉइस बॉट असलं काही ॲस्टेरिस्कच्या एआरआय, एएमआय किंवा फ्रीस्विचच्या इव्हेंट सॉकेट या प्रोग्रामिंग इंटरफेसवर लिहिलं असेल तर नेटवर्कवाल्याच्या आधी स्वतःचा लॉग बघा. एआरआयमध्ये चॅनेल डिस्ट्रॉइड इव्हेंटबरोबर कॉज नंबर येतो, तो आणि कॉलचे सेकंद प्रत्येक कॉलला डेटाबेसमध्ये टाकाच. १६ म्हणजे कुणीतरी नीट ठेवला, १७ बिझी, १०२ म्हणजे टायमर संपला. सगळे १६ आणि बाय आपल्याकडून, तर कोडमध्येच कुठेतरी हँगअप चाललाय, प्लेबॅक संपल्यावर पुढची पायरीच लिहिली नाही हे कारण मी पुष्कळदा बघितलंय.

बॉटला एक्स्टर्नल मीडियाने आवाज देताय आणि नुसती खरखर येतेय, तर एसलिन१६ चे (१६ किलोहर्ट्झचा कच्चा आवाज) बाइट आरटीपीवर उलट्या क्रमाने, म्हणजे मोठा बाइट आधी, असतात. उलटवून घ्या, आवाज येतो.

ब्राउझरमधला फोन असेल, जेएससिप किंवा सिप डॉट जेएसवर, तर स्टनने (ब्राउझरला त्याचा पब्लिक पत्ता सांगणारा सर्व्हर) घरच्या राउटरमागे बहुतेक भागतं, पण बँक किंवा मोठ्या कंपनीच्या फायरवॉलमागे नाही, तिथे टर्न सर्व्हर, म्हणजे आवाज स्वतःमार्फत पुढे पाठवणारा, लागतोच. क्रोमच्या वेबआरटीसी इंटर्नल्स पानावर निवडलेली कॅन्डिडेट जोडी (दोन्ही बाजूंच्या पत्त्यांची) दिसते, जोडीच जमली नसेल तर ॲस्टेरिस्कमध्ये काही शोधू नका. आणि ८०८८ (एआरआय), ५०३८ (एएमआय), ८०२१ (इव्हेंट सॉकेट) हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नका, डेव्हलपर "टेस्टिंगपुरतं" उघडतात आणि ते वर्षभर तसंच राहतं.

कुठे थांबायचं

सीडीआरमध्ये रात्री-अपरात्रीचे परदेशी कॉल दिसले तर आवाजाचं राहू द्या, ट्रंकची वायर काढा आणि ऑपरेटरला लगेच फोन करून आयएसडी बंद करायला सांगा. कुणीतरी आत शिरलंय, बिल दर मिनिटाला वाढतंय. मशीन पुसून नव्याने लावायला जाणकार माणूस बोलवा, नुसता पासवर्ड बदलून भागत नाही.

हॉस्पिटलची इमर्जन्सी लाइन किंवा दिवसभर चालणारं कॉल सेंटर असेल तर कामाच्या वेळात ट्रान्सपोर्ट आणि फायरवॉलला हात लावू नका. ही कामं ज्याच्याकडे मागे फिरायची तयारी आणि बॅकअप आहे त्याची.

फायरवॉल हेड ऑफिसच्या ताब्यात असेल, किंवा मधे एसबीसी (दोन नेटवर्कांच्या सीमेवर सिप कॉल सांभाळणारा डबा) बसवलेला असेल, तर ट्रेस काढण्यापर्यंतच तुमची हद्द. एसबीसी स्वतःच पत्ते बदलतो, वरच्या अर्ध्या सूचना तिथे उलट्या पडतात.

आणि ट्रेसमध्ये दिसलं की आपला आरटीपी बरोबर कार्डवरून, बरोबर आयपी-पोर्टला निघतोय आणि समोरून एक पॅकेट येत नाही, तर सेटिंग्ज बदलणं तिथेच थांबवा, तिकीट ऑपरेटरचं आहे. त्यांना "आवाज येत नाही" असं लिहून पाठवलंत तर "चेक केलं, ओके आहे" एवढंच परत येतं. एका बिघडलेल्या आणि एका चांगल्या कॉलची पीकॅप फाइल (पकडून ठेवलेली पॅकेटं), दोन्हीचे कॉल-आयडी, दोन्ही नंबर, सेकंदासकट भारतीय वेळ, आणि कुठल्या बाजूचा आरटीपी नाही ते एका ओळीत लिहा. पीकॅपमध्ये रजिस्टरचे मेसेज असतील तर ते आधी गाळा, त्यातल्या हॅशवरून कमजोर पासवर्ड काढता येतो. पहिल्या फळीकडून दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर एस्कलेशन मॅट्रिक्स मागा, कनेक्शन घेताना दिलेल्या कागदांत तो असतो.